‘फाइन’चे इतके अर्थ पाठ कसे करायचे?

तुमचे प्रश्न दोन. इंग्रजीतल्या ‘फाइन’ या विशेषणाचे डिक्शनरीत दहा-बारा अर्थ दिसतात, ते पाठ कसे करायचे? आणि साहेबांनी तुमच्या अहवालावर नुसतं ‘धिस इज फाइन’ लिहून तो परत पाठवला, ते कौतुक समजायचं का?

पहिल्याचं उत्तर: पाठ करू नका. असं का म्हणतो ते मात्र सविस्तर सांगणार आहे, कारण या शब्दापायी आठवीत माझा एक गुण गेला आणि तो गेला हे मला अजून मान्य नाही.

आठवीत विज्ञानाचा एक तास प्रयोगशाळेत असायचा. सूक्ष्मदर्शक एकच आणि आम्ही सगळे भोवती कोंडाळं करून उभे. बाईंनी बाजूचे दोन स्क्रू दाखवले. मोठा तो कोर्स, म्हणजे जाडाभरडा, छोटा तो फाइन. कोर्स फिरवला की नळी भराभर वरखाली व्हायची. फाइन फिरवताना काही हलतंय असं बाहेरून कळायचंच नाही, पण आत डोळा लावलेल्याला धुरकट चित्र हळूहळू स्पष्ट होत जाताना दिसायचं. मोठं करून दाखवणारं भिंग लावलं की कोर्सला हात लावायचा नाही, नाहीतर भिंग काचपट्टीवर आदळेल, अशी बाईंची सक्त ताकीद होती. माझी पाळी आली तेव्हा मी फाइन स्क्रू केसभर फिरवला आणि पेशींच्या भिंती एकदम रेखीव दिसल्या. तो शब्द मी बोटांनी शिकलो. फाइन म्हणजे बारीक, थोडं-थोडं, हलक्या हाताने.

त्याच आठवड्यात इंग्रजीच्या सरांनी शब्दार्थांची चाचणी घेतली. दहा शब्द, दहा गुण. त्यात ‘फाइन’ होता. मी लिहिलं, ‘बारीक, सूक्ष्म’. पेपर परत आला तेव्हा त्यावर लाल फुली होती आणि शेजारी सरांच्या अक्षरात ‘छान’. मी उभा राहून म्हणालो, ‘सर, बाईंनी सूक्ष्मदर्शकाचा बारीक स्क्रू दाखवला, त्याला फाइन म्हणतात.’ सर म्हणाले, ‘ते विज्ञानातलं. इंग्रजीत फाइन म्हणजे छान. खाली बस.’ वर्ग हसला. मी बसलो, पण तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात राहिला. विज्ञानातलं इंग्रजी आणि इंग्रजीतलं इंग्रजी या दोन वेगळ्या भाषा कशा असतील?

घरी दादाला सांगितलं. दादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, पाठांतरात पक्का. तो म्हणाला, ‘सर बरोबर आहेत. एका शब्दाचा एक अर्थ धरायचा, नाहीतर परीक्षेत गोंधळ होतो.’ त्याची एक वही होती, डाव्या बाजूला इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी, प्रत्येकासमोर एकच. ती वही त्याने मलाही उतरवून घ्यायला लावली. पुढे मी यंत्रांच्या माहितीपुस्तिका मराठीत आणायच्या कामाला लागलो, आणि त्या वहीतलं निम्मं मला एकेक करून विसरावं लागलं. मी कडक बोलतोय हे कळतंय. पण जो शब्द एकाच अर्थाला बांधून शिकवला जातो, तो दुसऱ्या वाक्यात भेटला की माणूस अडत नाही, बिनधास्त चुकीचा अर्थ लावून पुढे जातो. अडला असता तर निदान डिक्शनरी तरी उघडली असती.

उदाहरण घ्या. हवेच्या प्रदूषणावरच्या मजकुरात ‘फाइन पार्टिकल्स’ येतात. अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी व्यासाचे कण, ज्यांना पीएम २.५ म्हणतात. त्यांच्याहून मोठे, दहा मायक्रोमीटरपर्यंतचे, ते ‘कोर्स’. म्हणजे सूक्ष्मदर्शकावरचीच जोडी पुन्हा. हे फाइन कण जास्त घातक, कारण ते फुप्फुसात खोलवर पोचतात. इथे ‘छान’ घेऊन बसलेला वाचक नेमका उलटा अर्थ लावेल. भौतिकशास्त्रात ‘फाइन स्ट्रक्चर’ आहे: हायड्रोजनच्या वर्णपटात, म्हणजे त्याचा प्रकाश रंगांत विभागल्यावर दिसणाऱ्या रेषांत, जी एक रेषा वाटते ती नीट पाहिली तर अगदी जवळजवळच्या रेषा निघतात. १९१६ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ सोमरफेल्ड यांनी त्याचा उलगडा मांडला. तिथेही फाइन म्हणजे बारीकच. आणि क्रिकेट पाहत असाल तर फाइन लेग ही क्षेत्ररक्षकाची जागा तुम्हाला ठाऊकच आहे. तिथला फाइन ना छान, ना बारीक कणांचा. चेंडू यष्टिरक्षकाच्या मागे खेळपट्टीच्या सरळ रेषेच्या जितका जवळून जाईल तितका तो फाइन गेला. कोन अरुंद, म्हणून फाइन. रेषेपासून काटकोनात गेला की स्क्वेअर.

मग हे सगळे अर्थ एका शब्दात आले कुठून? हे मला कामाला लागल्यावर कळलं आणि त्या दिवशी आठवीतली ती फुली आठवून खरंच भरून आलं. मूळ लॅटिन ‘फिनिस’, म्हणजे शेवट, सीमा. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये ‘फिन’, म्हणजे शेवटापर्यंत नेलेलं, जिथे आणखी करायला काही उरलं नाही असं. तेच इंग्रजीत आलं. आता एकेक अर्थ या मापाने पाहा. सोनं शेवटापर्यंत शुद्ध केलं की ‘फाइन गोल्ड’. बावीस कॅरेट सोन्यावर ९१६ आकडा असतो, तो हजारातले किती भाग शुद्ध हे सांगतो आणि त्याला इंग्रजीत ‘फाइननेस’च म्हणतात. भुकटी शेवटापर्यंत दळली की फाइन पावडर. तार शेवटापर्यंत ओढली की फाइन वायर. कारागिरी शेवटापर्यंत नेली की फाइन वर्क. फिनिश, फायनल, रिफाइन, डिफाइन, इन्फिनिट ही सगळी याच घरातली भावंडं. पाश्चात्त्य संगीताच्या लिपीत तुकडा जिथे संपतो तिथे इटालियन ‘फीने’ लिहितात, तोही हाच शब्द. आणि दंड या अर्थाचा फाइन? तो नाम आहे, विशेषण नाही, पण मूळ तेच. पैसे भरून वादाचा शेवट करायचा, तो फाइन.

दादाला हे सांगितलं तर म्हणाला, ‘एवढं कोण लक्षात ठेवणार?’ मी त्याला विचारलं, मराठीत ‘दंड’ म्हटल्यावर तुझा गोंधळ होतो का? दंड भरला, दंड थोपटले, दंड काढले. एक पैसे, एक हात, एक व्यायाम. आपण ते कधी वहीत उतरवून पाठ केलेले नाहीत. भरणं, थोपटणं, काढणं हे शेजारी उभे असतात आणि अर्थ आपोआप लागतो. ‘बारीक’चंही तेच: बारीक अंगाचा मुलगा, बारीक आवाज, बारीक नजर, बारीक ताप. इंग्रजीवाले त्यांचा फाइन असाच शिकतात, शेजाऱ्यांसकट. तुम्हीही तसाच शिका. वहीत नुसता ‘फाइन’ लिहू नका. ‘फाइन डस्ट’, ‘फाइन प्रिंट’, ‘फाइन वेदर’, ‘आय ॲम फाइन’ असे जोडीने लिहा आणि प्रत्येकासमोर ती अख्खी जोडी मराठीत काय होते ते लिहा. बारीक धूळ. करारातली बारीक अक्षरं, म्हणजे सहज नजरेतून सुटणाऱ्या अटी. स्वच्छ, कोरडी हवा. मी बरा आहे.

आता ‘बरा’ आलाच आहे तर इथे थांबतो, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यात आहे. बोलण्यातल्या फाइनला मराठीत सगळ्यात जवळचा शब्द ‘छान’ नाही, ‘बरं’ आहे. तब्येत बरी आहे, बरं चालेल, आणि चिडून म्हटलेलं ‘बरं!’ हे तिन्ही फाइनने होतं. सरांनी ‘छान’ऐवजी ‘बरं’ शिकवलं असतं तर निदान बोलण्यातला फाइन तरी आम्हाला नीट कळला असता.

शब्दाची जागाही पाहायची. ‘अ फाइन टीचर’ म्हणजे उत्तम शिक्षक. ‘द टीचर इज फाइन’ म्हणजे शिक्षक बरे आहेत, त्यांना काही झालेलं नाही. नामाच्या आधी बसला की बहुधा गुणवत्ता किंवा बारीकपणा, क्रियापदानंतर बसला की बहुधा ‘ठीक, चालेल’. दुसरी खूण ‘व्हेरी’ची. ‘व्हेरी फाइन पावडर’, ‘अ व्हेरी फाइन पेंटर’ हे सरळ चालतं, पण तब्येतीबद्दल ‘आय ॲम व्हेरी फाइन’ कानाला खटकतं, तिथे ‘जस्ट फाइन’ किंवा ‘परफेक्टली फाइन’ म्हणतात. तसंच ‘फाइनर’चं. धागा फाइनर असतो, पण आजारी माणूस ‘आय ॲम फाइनर टुडे’ म्हणत नाही, तो ‘बेटर’ म्हणतो. ही खूण पाठांतराच्या कुठल्याच वहीत मी पाहिली नाही.

आणि एक फाइन चक्क नकार असतो. दादाने मागे एका परदेशी ग्राहकाला विचारलं होतं, आराखडे आणखी तपशिलात करून देऊ का? उत्तर आलं, ‘वी आर फाइन, थँक्स.’ दादाच्या वहीत फाइन म्हणजे छान, त्यामुळे त्याला वाटलं त्यांना कल्पना आवडली. दोन दिवस बसून त्याने आराखडे केले. त्यांना ते नको होते, आहे ते पुरेसं आहे असं ते सांगत होते. दादाचं आजही म्हणणं आहे की त्यांनी स्पष्ट ‘नो’ लिहायला हवं होतं. माझं म्हणणं, त्यांनी स्पष्टच लिहिलं होतं. काही देऊ केल्यावर मिळालेलं ‘आय ॲम फाइन’ हे आपलं ‘नको, राहू दे’ आहे.

थोडं राहिलेलं सांगतो. वर ‘शेवटापर्यंत नेलेलं’ हे माप दिलं ते लक्षात ठेवायला. इतिहासात प्रत्येक अर्थ त्याच वाटेने, त्याच क्रमाने आला असं समजू नका. पाठांतर सरसकट वाईट असंही माझं म्हणणं नाही. अनियमित क्रियापदांची रूपं मी पाठच केली, ती त्याच सरांनी करून घेतली, आणि आज मी इंग्रजी वाक्य न अडखळता लिहितो त्यात त्यांचा मोठा वाटा आहे. माझी तक्रार त्या एका फुलीपुरती आहे, आणि ‘खाली बस’पुरती. शिवाय लिहिलेल्या फाइनमधला सूर डिक्शनरीतून कळत नाही, तो लिहिणाऱ्या माणसावरून कळतो. तुमचे साहेब मला माहीत नाहीत.

तरी विचारलंत म्हणून सांगतो. ‘धिस इज फाइन’ क्रियापदानंतर आलंय, म्हणजे अहवाल चालेल, पुढे पाठवा. ती मंजुरी आहे, नाराजी नाही, कौतुकही नाही. तुम्हाला कौतुक हवं असेल तर अहवालात काय वाढवता येईल ते त्यांना थेट विचारा. त्यांनी ‘फाइन वर्क’ लिहिलं असतं तर मी तुमचं अभिनंदन केलं असतं.