वाचकांचे प्रश्न : धातुशास्त्र ते मुख्यमंत्रिपद

प्रश्न : मनोहर पर्रीकर आयआयटीचे इंजिनिअर होते. राजकारणात त्या शिक्षणाचा खरंच उपयोग झाला का? आणि २०१७ मध्ये आमदार नसताना ते गोव्याचे मुख्यमंत्री कसे झाले?

उत्तर : पर्रीकर १९७८ मध्ये आयआयटी मुंबईतून धातुशास्त्रात पदवीधर झाले. घडण संघाच्या शाखेतली. १९९४ मध्ये ते पणजीतून आमदार झाले आणि २००० मध्ये मुख्यमंत्री. पदवी सरकार चालवत नाही, पण आकडेमोडीची सवय त्यांच्या कामात दिसते.

२०१२ चा पेट्रोलचा निर्णयच बघा. व्हॅट म्हणजे विक्रीवरचा राज्याचा कर २० टक्क्यांवरून थेट ०.१ टक्क्यावर आणला. लिटर साधारण ६६ रुपये होतं. कराआधीची किंमत ५५, म्हणजे कर ११. तेवढंच पेट्रोल स्वस्त झालं. कर पूर्ण शून्य केला नाही, हेही लक्षात घ्या. मात्र तिजोरीला ती तूट पेलवली नाही आणि पुढे व्हॅट टप्प्याटप्प्याने वाढवावा लागला. हिशेब बरोबर होता, पण तो फार काळ टिकणारा नव्हता, असं आमचं मत.

२०१७ चं म्हणाल तर राज्यघटनेच्या कलम १६४(४) नुसार आमदार नसलेल्यालाही मंत्री किंवा मुख्यमंत्री होता येतं, पण सहा महिन्यांत निवडून यावं लागतं. संरक्षणमंत्रिपद सोडून त्यांनी १४ मार्चला शपथ घेतली. विधानसभेच्या ४० आमदारांपैकी भाजपचे १३, काँग्रेसचे १७. तरी मित्रपक्ष आणि अपक्षांना धरून विश्वासदर्शक ठराव २२ विरुद्ध १६ ने जिंकला. पणजीच्या आमदाराने जागा रिकामी केली आणि ऑगस्टच्या पोटनिवडणुकीत पर्रीकर निवडून आले.