इन्शुरन्सवाले तेवढंच कापणार, मग एसएसडीआयला अर्ज करायचा कशाला?

ताई, तुमचा मेसेज दोनदा वाचला. नवऱ्याला एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार आहे, न्यू जर्सीतली नोकरी सुटली, पगार महिना ९,००० डॉलर होता त्याच्या ६० टक्के म्हणजे ५,४०० कंपनीच्या ग्रुप एलटीडीतून, म्हणजे दीर्घकाळ काम न करता आल्यास पगाराचा काही भाग देणाऱ्या इन्शुरन्समधून येतायत, आणि आता इन्शुरन्स कंपनीचं पत्र आलंय की सोशल सिक्युरिटी डिसॅबिलिटीला म्हणजे एसएसडीआयला (काम करता न येणाऱ्यांना सरकारकडून मिळणारी दरमहा रक्कम) अर्ज करा, तिथून साधारण २,६०० मिळतील ते आम्ही आमच्या पैशातून वजा करू. एवढा खटाटोप करून फायदा इन्शुरन्स कंपनीचाच होणार असेल तर आपण का करायचा, असं तुम्ही विचारलंय. राग येणं साहजिक आहे, तरी माझं म्हणणं स्पष्ट आहे, अर्ज करा आणि या महिन्यातच करा.

एक तर बहुतेक ग्रुप पॉलिसींमध्ये लिहिलेलंच असतं की अर्ज केला नाही तरी कंपनी अंदाजाने रक्कम धरून कापू शकते, म्हणजे ते २,६०० तुमच्या हातात कधी आलेच नाहीत तरी एलटीडीतून जातीलच. आणि आज तुमचा निकष आहे "स्वतःचं काम करता येत नाही", तो बऱ्याच पॉलिसीत २४ महिन्यांनी "कुठलंच काम करता येत नाही" असा होतो, तिथे चांगले चालू असलेले क्लेम बंद पडतात. तेव्हा एसएसडीआय सुरू असेल तर घर उघडं पडत नाही. शिवाय हक्क लागू झाल्यापासून २४ महिन्यांनी मेडिकेअर म्हणजे सरकारी आरोग्य विमा मिळतो, एमएसच्या औषधांची बिलं तुम्ही बघताच आहात त्यामुळे ह्याचं मोल मी सांगायला नको. आणि या आजारपणाच्या बिनपगारी वर्षांमुळे त्यांची पुढची रिटायरमेंटची रक्कम खाली येत नाही.

आता जे तुम्ही विचारलं नाहीत पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते, मुलं. तुमची दोन्ही मुलं १८ च्या आतली आहेत, त्यामुळे वडिलांच्या रेकॉर्डवर त्यांनाही सोशल सिक्युरिटीतून पैसे मिळू शकतात. सगळ्या कुटुंबाला मिळून जास्तीत जास्त दीडपट धरलं तर ३,९००, म्हणजे मुलांचे १,३००. प्रश्न हा की हे १,३०० एलटीडीवाले कापतात की नाही. पॉलिसीत फक्त नवऱ्याचीच रक्कम वजा होते असं असेल तर एलटीडी राहते २,८००, वर ३,९००, घरात आले ६,७००. पण "कुटुंबाला मिळणारी रक्कम" असे शब्द असतील तर एलटीडी उरते १,५०० आणि एकूण परत तेच ५,४००. एका वाक्यावर महिन्याला १,३०० डॉलरचा फरक पडतोय म्हणून ते वाक्य स्वतःच्या डोळ्यांनी वाचा, फोनवर कुणी काय सांगितलं त्यावर जाऊ नका.

पत्रात जे दोन पर्याय दिलेत, आत्तापासून अंदाजे रक्कम कापून घ्या किंवा पूर्ण ५,४०० घेत राहा आणि नंतर परत करा, त्यात लोक दुसरा घेतात आणि तो मला चालतो, पण शिस्त हवी. समजा एलटीडी सुरू झाल्यावर अप्रूव्हलला वर्ष लागलं, तर एक दिवस खात्यात एकदम ३१,२०० जमा होतील आणि मुलांचे असतील तर ते वेगळे. हे पैसे तुमचे नाहीत हो! माझ्याकडे आलेल्या एका जोडप्याने त्यातून क्रेडिट कार्डं फेडली, थोडं घराला लावलं, आणि तीन आठवड्यांनी ओव्हरपेमेंटचं, म्हणजे जास्त दिलेली एलटीडी परत मागणारं पत्र आलं, मग कंपनीने वसुली होईपर्यंत महिन्याची एलटीडी जवळपास शून्यावर आणली, त्या बाई माझ्यासमोर वह्या उघडून बसल्या होत्या आणि कुठून काय कमी करायचं तेच कळेना. सोशल सिक्युरिटीच्या पैशाला कायद्याने संरक्षण आहे हे खरं, पण कंपनी पुढची एलटीडी रोखू शकते तिथे ते संरक्षण कामाला येत नाही. त्यामुळे वेगळं सेव्हिंग खातं उघडा आणि हिशोबाचं पत्र येईपर्यंत हात लावू नका. वकील केलात तर त्याची नेहमीची फी मागच्या थकबाकीच्या २५ टक्के किंवा सरकारने ठरवलेली कमाल मर्यादा (२०२४ च्या अखेरीस ती ९,२०० डॉलर झाली) यातली कमी असेल ती, आणि बऱ्याच पॉलिसीत ही फी परतफेडीतून वजा करून मिळते, पण पावती तुम्ही पाठवायची, ते स्वतःहून विचारत नाहीत.

एक चांगली गोष्ट, एकदा रक्कम वजा झाली की एसएसडीआयची पुढची महागाईवाढ सहसा कापत नाहीत. २०२३ ला ती ८.७ टक्के होती, म्हणजे २,६०० वर सव्वादोनशेच्या आसपास, ते पूर्ण तुमचे.

बाकीचं पटकन सांगते. वर्कर्स कॉम्प (कामावर झालेल्या इजेची भरपाई) किंवा कंपनीची पेन्शन असेल तर ती सहसा वजा होते. त्यांनी स्वतः घेतलेली वैयक्तिक डिसॅबिलिटी पॉलिसी आणि पुण्याच्या फ्लॅटचं भाडं सहसा होत नाही, पण यादी तपासा. भारतातल्या नोकरीची वर्षं एसएसडीआयला मोजली जात नाहीत कारण दोन देशांत तसा करार नाही, तुमच्याकडे इथली १६ वर्षं आहेत म्हणून काळजी नाही. टॅक्सचं म्हणाल तर प्रीमियम कंपनी भरत असेल तर एलटीडी पूर्ण टॅक्सेबल, एसएसडीआयचा मात्र जास्तीत जास्त ८५ टक्के भाग, आणि न्यू जर्सी त्यावर काहीच घेत नाही. एकरकमी आलेल्या वर्षी सीपीएला लम्प-सम इलेक्शनबद्दल, म्हणजे मागच्या वर्षांची रक्कम त्या त्या वर्षाची धरून टॅक्स काढण्याच्या पर्यायाबद्दल नक्की विचारा.

आज एवढंच करा, एचआरला लेखी ईमेल करून पूर्ण पॉलिसी मागवा, दोन पानी ब्रोशर नको, आणि त्यात "इतर उत्पन्न" वाला भाग सापडला की मुलांबद्दलचं वाक्य मला जसंच्या तसं पाठवा, म्हणजे २,८०० की १,५०० ते सांगता येईल.