फसलेला गोंद आणि तुझी बंद फाइल

प्रिय मित्रा,

परवा फोनवर म्हणालास, "आठ महिन्यांचं काम पाण्यात गेलं." कोटिंग टिकलं नाही, प्रोजेक्ट बंद झाला, हे समजलं. पण ट्रायलची फाइल तू कपाटात टाकून मोकळा झालास, ते काही पटलं नाही.

अमेरिकेतल्या थ्री-एम कंपनीत १९६८ साली स्पेन्सर सिल्व्हर जोरकस गोंद करायला बसला होता. हाती आला तो चिकटायचा, पण ओढला की अलगद सुटायचा. सिल्व्हरने तो लपवला नाही. पुढची कित्येक वर्षं कंपनीतल्याच लोकांना गाठून, व्याख्यानं देऊन तो विचारत राहिला, याचा कुणाला काही उपयोग सुचतोय का? लोक कंटाळले असणार. (मी तर नक्कीच कंटाळलो असतो.) आर्ट फ्राय त्याच कंपनीतला, पण वेगळ्या कामावरचा. चर्चमध्ये गाताना त्याच्या पुस्तकातल्या खुणेच्या चिठ्ठ्या गळून पडायच्या. १९७४ मध्ये त्याला तो गोंद आठवला आणि पोस्ट-इटची, म्हणजे चिकटवून पुन्हा अलगद काढता येणाऱ्या चिठ्ठ्यांची, सुरुवात झाली. १९७७ ला चार शहरांत विकून पाहिलं, तर फारसं कुणी विचारलं नाही. पुढच्या वर्षी बॉइसी शहरात फुकट वाटल्या, तेव्हा कुठे लोकांना त्यांची चटक लागली. अमेरिकाभर विक्री सुरू व्हायला १९८० उजाडलं. विक्रीवालेही आपल्या फसलेल्या प्रयोगातून शिकले, हा भाग गोष्ट सांगताना सगळे गाळतात.

कामातला १५ टक्के वेळ स्वतःच्या कल्पनेवर घालवायची तिथे मुभा आहे, याचं फार कौतुक होतं. मला मात्र सिल्व्हरची व्याख्यानं जास्त मोलाची वाटतात. वेळ देता येतो. एका खात्यातलं दुसऱ्या खात्याच्या कानावर पडणं अवघड.

भोसरीत मी ज्या कारखान्यात होतो, तिथे रबर सीलच्या एका मिश्रणावर आम्ही उन्हाळाभर खपलो. थंडीत सीलला तडे गेले. रिपोर्ट कुणी लिहिला नाही, मीही नाही, कमीपणा वाटला. चार वर्षांनी नवी टीम, तेच मिश्रण, तेच तडे. तेव्हा तिसऱ्या पाळीचा ऑपरेटर म्हणाला, "साहेब, हे आपण आधी करून बसलोय." पहिल्या दिवसापासून त्याला ठाऊक होतं. विचारलं कुणी?

तर फाइल बाहेर काढ. दोनच पानं लिही. कोटिंग किती तापमानाला सुटलं, कोणत्या धातूवर टिकलं, कोणत्यावर नाही. नुसतं "अयशस्वी" लिहू नकोस, त्यातून पुढच्याला काहीच मिळत नाही. मग सर्व्हिसवाल्यांना नमुना दाखव. गिऱ्हाइकांची रड रोज त्यांच्याकडे येते. सहज निघणारं कोटिंग कुणाला तरी हवंच असेल. मॅनेजर वेळ नाही म्हणाले, तर जेवणाच्या सुट्टीत डबे घेऊन बसा. टूलरूममधल्या जुन्या माणसांनाही बोलाव, आणि ती बोलायला लागली की मध्ये तोंड घालू नकोस.

शनिवारी फोन करतो. तोवर पहिलं पान झालेलं असू दे.

तुझा,
जुना साहेब