मतदानाचा हक्क नसलेल्यांनी लॉबिंग कसं करायचं

तुमचे प्रश्न दोन आहेत. अमेरिकेतलं लॉबिंग (कायदे आपल्या बाजूने व्हावेत म्हणून खासदारांकडे केलेली खटपट) म्हणजे कायद्याने मान्य केलेली लाचच ना, हा पहिला. दुसरा असा की एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर राहणाऱ्या, मत नसलेल्या माणसांनी ग्रीनकार्डच्या (कायम राहण्याच्या परवान्याच्या) बॅकलॉगसाठी, म्हणजे तुंबलेल्या रांगेसाठी, धडपडून काही उपयोग आहे का, आणि महाराष्ट्र मंडळातर्फे सिनेटरला निवेदन दिलं तर चालेल का. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. उपयोग आहे, निवेदनही चालेल, पण निवेदन देऊन घरी बसलात तर त्यातून काहीही निघणार नाही. मी बरीच वर्षं या कामात आहे, स्वतःचं ग्रीनकार्ड हातात आल्यावरही ते सोडलेलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लाचेचं म्हणाल तर, सरकारपुढे गाऱ्हाणं मांडण्याचा हक्क राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीत आहे, भाषणस्वातंत्र्याच्या शेजारीच, १७९१ पासून. पैसे घेऊन दुसऱ्याच्या वतीने हे काम करणाऱ्या लॉबिस्टला १९९५ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी करावी लागते आणि दर तिमाहीला आपण कुणासाठी, कोणत्या विषयावर, किती पैशांचं काम केलं ते जाहीर करावं लागतं. ही कागदपत्रं कुणालाही इंटरनेटवर बघता येतात. जॅक अब्रामॉफ या लाचखोर लॉबिस्टच्या प्रकरणानंतर २००७ मध्ये नियम आणखी आवळले आणि लॉबिस्टने खासदाराला हॉटेलात नेऊन जेवू घालणंही बंद झालं.

मात्र तोच लॉबिस्ट त्याच खासदाराच्या निवडणुकीसाठी निधी गोळा करायचा कार्यक्रम ठेवू शकतो. पॉलिटिकल ॲक्शन कमिटीला, म्हणजे निवडणुकीसाठी पैसे गोळा करणाऱ्या गटाला, एका उमेदवाराला एका निवडणुकीत ५,००० डॉलरपर्यंत देता येतात, आणि सुप्रीम कोर्टाच्या २०१० च्या सिटिझन्स युनायटेड निकालानंतर उमेदवाराशी संगनमत न करता बाहेरून करायच्या खर्चाला मर्यादाच उरलेली नाही. हा भाग कुजलेला आहे असं माझं स्पष्ट मत आहे. ज्याच्याकडे पैसा आहे त्याचा फोन लवकर उचलला जातो. पण फोन उचलला जाणं आणि कायदा होणं यात फार मोठं अंतर आहे, आणि ते आपल्या प्रश्नाइतकं दुसरीकडे क्वचितच स्वच्छ दिसेल.

१९९० च्या कायद्याने नोकरीवर आधारित ग्रीनकार्डं वर्षाला साधारण १,४०,००० ठरवली, आणि कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना त्यातली ७ टक्क्यांपेक्षा जास्त नाहीत. या आकड्यात बायका-मुलंही मोजली जातात. भारतासारख्या देशालाही ७ टक्के आणि आइसलंडलाही ७ टक्के, त्यामुळे रांग तुंबली. मोठ्या टेक कंपन्यांना ही मर्यादा काढून हवी होती. २०११ मध्ये त्यासाठीचं बिल प्रतिनिधिगृहात ३८९ विरुद्ध १५ मतांनी पास झालं. २०१९ मध्ये पुन्हा एक, ३६५ विरुद्ध ६५. दोन्ही पक्ष बाजूने, पैसेवाल्या कंपन्या बाजूने, आणि तरी कायदा झाला नाही.

अडलं कुठे, हे नीट समजून घ्या, कारण लॉबिंगचं सगळं मर्म त्यातच आहे. सिनेटमध्ये असं बिल झटपट पास करायचं तर एकमत लागतं, म्हणजे शंभरातल्या एकानेही हरकत घ्यायची नाही. हरकत आली की सभागृहाचा वेळ आणि ६० मतं मिळवावी लागतात, आणि पक्षनेते असल्या बिलावर वेळ घालवायला तयार नसतात. २०११ चं बिल सिनेटर चक ग्रासली यांनी रोखून धरलं. २०१९ मध्ये आधी सिनेटर रँड पॉल आडवे आले, कारण परदेशातून येणाऱ्या नर्सेसचं त्यात काय होणार याची काळजी होती. त्यांच्यासाठी तरतूद घातली. मग डिक डर्बिन यांची हरकत. त्यांचं म्हणणं असं की एकूण संख्या न वाढवता रांग नुसती फिरवली तर इतर देशांच्या लोकांवर अन्याय होईल. (हा मुद्दा खोटा नव्हता. आपल्यातल्या अनेकांनी त्यांना सरळ शत्रू ठरवलं ते मला पटलं नाही.) त्यांच्याशी तडजोड झाली, पुढे रिक स्कॉट यांनी अडवलं, आणि अखेर २ डिसेंबर २०२० रोजी सिनेटने एकमताने बिल पास केलं. पण तोवर मसुदा इतका बदलला होता की प्रतिनिधिगृहाच्या बिलाशी जुळेना. ३ जानेवारीला त्या काँग्रेसची, म्हणजे अमेरिकी संसदेची, मुदत संपली आणि बिल मेलं.

तेव्हा या व्यवस्थेत एखादी गोष्ट घडवून आणण्यापेक्षा अडवणं कितीतरी सोपं आहे. जुने, मुरलेले गट बहुतेक वेळ अडवण्याचंच काम करत असतात. आपल्याला घडवायचं आहे, म्हणून आपल्याला जास्त मित्र लागतात आणि जास्त वर्षं लागतात.

मित्र कसे जोडतात याचं २००७ चं उदाहरण अनेकांना अर्धंच माहीत असतं. त्या वर्षी जूनमध्ये सरकारने जाहीर केलं की जुलैमध्ये जवळपास सगळ्या श्रेणींतल्या लोकांना ग्रीनकार्डचा शेवटचा अर्ज भरता येईल. लोकांनी वकिलांच्या फी भरल्या, डॉक्टरी तपासण्या केल्या, आणि २ जुलैला सरकारने शब्द फिरवला. तेव्हा गांधीगिरी म्हणून १० जुलैला इमिग्रेशन खात्याचे संचालक एमिलिओ गोन्झालेझ यांच्या ऑफिसला देशभरातून फुलं पाठवली गेली. त्यांनी ती जखमी सैनिकांच्या इस्पितळांकडे वळवली, पण बातमी सगळीकडे झाली. १७ जुलैला सरकारने निर्णय मागे घेतला आणि १७ ऑगस्टपर्यंत अर्ज स्वीकारले. फुलांची गोष्ट आपण अभिमानाने सांगतो, सांगावीच. पण त्याच दोन आठवड्यांत वकिलांच्या संघटना कोर्टात जायच्या तयारीत होत्या, आणि प्रतिनिधिगृहाच्या इमिग्रेशन उपसमितीच्या अध्यक्ष झोई लॉफग्रेन सरकारला जाब विचारत होत्या. मोर्चा निघाला तो सॅन होजेत, म्हणजे लॉफग्रेन यांच्याच मतदारसंघात. वर्तमानपत्र, कोर्ट आणि समितीचा अध्यक्ष असा तिन्ही बाजूंनी एकाच वेळी दाब आला, म्हणून खातं हललं.

आता प्रत्यक्ष भेटीबद्दल. वॉशिंग्टनला गेलात तर खासदार स्वतः भेटतीलच असं नाही. भेटतो पंचवीस-सव्वीस वर्षांचा स्टाफर, म्हणजे त्यांच्या ऑफिसातला कर्मचारी. त्याच्याकडे इमिग्रेशनबरोबर शेती, शिक्षण असे आणखी चार विषय असतात. खोली रिकामी नसेल तर कॉरिडॉरमध्ये उभं राहूनच बोलावं लागतं. पंधरा मिनिटं मिळतात आणि पहिला प्रश्न हमखास असतो, तुमच्यापैकी आमच्या मतदारसंघात कोण राहतं? कुणीच राहत नसेल तर भेट तिथेच संपली असं समजा. एका भेटीत आमच्यातले दोघे आकडेवारी समजावत होते आणि समोरचा मुलगा नुसता मान हलवत होता. मग सोबतच्या एका आईने सांगितलं की तिची मुलगी बालवाडीपासून याच गावच्या शाळेत शिकली, येत्या मे महिन्यात ती २१ वर्षांची होईल आणि आईवडिलांच्या जिवावर मिळालेला तिचा एच-४ व्हिसा संपेल. त्या मुलाने पेन काढलं ते तेव्हा. त्याने शाळेचं नाव विचारून घेतलं.

म्हणून जाताना एक पान न्या, दोन नाही. त्यावर बिलाचा नंबर, मतदारसंघातले किती लोक रांगेत आहेत, आणि स्पष्ट मागणी: को-स्पॉन्सर, म्हणजे बिलाचे सहप्रस्तावक, व्हा. नुसतं 'आमच्याकडे लक्ष द्या' म्हणाल तर ते आनंदाने लक्ष देतील आणि विसरतील.

बरोबर कोण जातं हे त्याहून महत्त्वाचं. मत नसलेल्यांनी मत असलेल्यांना सोबत घ्यायचं असतं. मंडळात सिटिझन झालेले काका-काकू असतात, त्यांची मुलं मतदार असतात, ते का येत नाहीत? गावातलं छोटं हॉस्पिटल भारतीय डॉक्टरांवर चालत असेल तर तिथल्या प्रशासकाला घेऊन जा. कॉनरॅड ३० ही योजना अशीच टिकून आहे. जे-१ या प्रशिक्षणाच्या व्हिसावर आलेल्या डॉक्टरने टंचाईच्या भागात तीन वर्षं काम केलं तर मायदेशी परतायची अट माफ होते, प्रत्येक राज्याला वर्षाला ३० जागा. ती १९९४ मध्ये आणली नॉर्थ डकोटाच्या सिनेटरने. तिथे भारतीयांची व्होटबँक नव्हती, खेड्यापाड्यांत डॉक्टर नव्हते. आपली गरज त्यांच्या गरजेत दिसली की हरकत घेणारा हातही खाली येतो.

मंडळाबाबत एक काळजी घ्या. बहुतेक मंडळं करसवलत असलेल्या ५०१(सी)(३) प्रकारात नोंदलेली असतात. त्यांना एखाद्या बिलासाठी मर्यादित प्रमाणात लॉबिंग करता येतं, पण कोणत्याही उमेदवाराला पाठिंबा अजिबात देता येत नाही. गणेशोत्सवाच्या स्टेजवरून 'यांना निवडून द्या' असं मंडळाने म्हटलं तर करसवलत धोक्यात येईल. दुसरं, एच-१बी किंवा एच-४वर असताना कुणाच्याही निवडणूक प्रचाराला एक डॉलरही देऊ नका, अमेरिकी कायद्याने तो गुन्हा आहे. ग्रीनकार्ड असलेल्यांना देता येतो. ज्या संस्था या विषयावर लॉबिंग करतात, उदाहरणार्थ २००५ पासून काम करणारी इमिग्रेशन व्हॉइस, त्यांच्या कामाला मात्र तुम्ही देणगी देऊ शकता.

आणि सिनेटरपासून सुरुवात करू नका. आधी तुमच्या झिपकोडचा प्रतिनिधी शोधा, त्याच्या गावातल्या ऑफिसात फोन करून इमिग्रेशन कोण बघतं ते विचारा. ऑगस्टमध्ये काँग्रेसला सुट्टी असते, खासदार मतदारसंघात असतात, तेव्हाची वेळ मागा. मत असलेले किमान दोघे-तिघे आणि एखादा स्थानिक मालक किंवा डॉक्टर जमवा. एवढं जमलं की एकपानी मसुदा मला पाठवा, मी वाचून दुरुस्त करून देईन.