स्टेरॉइडला हात घालण्याआधी

कोथरूडला दवाखाना थाटला आहेस, तर एक सांगून ठेवतो. दहा-बारा वर्षांचं मांजर, महिनोन्महिने अधूनमधून उलटी, खातंय तरी कणा हाताला लागतोय, आणि मालकीणबाई ठाम: "केसांचे गोळे काढतो हो, बाकी काही नाही!" इथे लगेच प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड देऊ नकोस. मांजर चार दिवस टवटवीत दिसेल, पण आतड्यातला लिम्फोमा, म्हणजे लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, असेल तर पुढे बायोप्सीत त्याचा माग लागणं अवघड.

पोट सावकाश चाचप. आतडी जाड, दोरीसारखी लागली की सोनोग्राफी. मात्र लहान पेशींचा लिम्फोमा आणि आतड्याची जुनाट सूज तिथे सारखीच दिसू शकतात, म्हणून बायोप्सी हवीच. त्यातल्या पेशी सीडी३ या खुणेच्या प्रथिनाच्या चाचणीत रंगल्या तर टी-पेशी, सीडी२० च्या चाचणीत रंगल्या तर बी-पेशी. तरीही शंका उरली तर क्लोनॅलिटी चाचणी, म्हणजे सगळ्या पेशी एकाच पेशीपासून वाढल्यात का ते बघायचं. लहान टी-पेशींचा हा संथ प्रकार प्रेडनिसोलोन आणि क्लोरॅम्ब्युसिल या केमोच्या गोळीवर बऱ्याचदा दोन-दोन वर्षं आटोक्यात राहतो. मोठ्या पेशींचा मात्र दगाबाज.

तरुण मांजर धापा टाकत आलं, तर छातीतल्या लिम्फोमाच्या गाठीचा विचार कर. एक्स-रेसाठी आडवं दाबू नकोस, जीव जाईल. आधी ऑक्सिजन, मग छातीतलं पाणी काढ आणि तेच मायक्रोस्कोपखाली बघ. सोबत एफईएलव्ही (मांजरांचा ल्युकेमिया विषाणू) आणि एफआयव्ही (मांजरांची प्रतिकारशक्ती खच्ची करणारा विषाणू) यांची चाचणी. पेठांतल्या मोकाट फिरणाऱ्या बोक्यांची तर नक्कीच. एफईएलव्ही १९६४ साली ग्लासगोत सापडला तोच मुळी लिम्फोमा झालेल्या मांजरात.

आणि हो, क्लोरॅम्ब्युसिलची गोळी अर्धी करायची नाही. देताना हातमोजे घालायला मालकांना बजावून सांग.