किती दिवस, ते आधी विचार

प्रिय मुली,

आशीर्वाद नंतर. आधी भांडण.

तुझं पत्र मिळालं. २१ जुलै २०२५ चा उच्च न्यायालयाचा निकाल वाचल्यापासून तुझं डोकं ठिकाणावर नाही, असं लिहितेस. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले, १८० हून जास्त माणसं गेली, आणि १९ वर्षांनी कोर्ट म्हणतं की बाराही जणांविरुद्ध गुन्हा शाबीत झालेला नाही. ‘मग त्या मेलेल्यांचं काय, काका?’ असं विचारतेस. आणि लगेच पुढच्या ओळीत, ‘शेवटी सुरक्षा किंवा स्वातंत्र्य, एक काहीतरी निवडावंच लागतं ना?’

पहिला प्रश्न तुझा आहे. दुसरा टीव्हीवरच्या चर्चेतून उचललेला आहे, आणि तो तुझ्याकडून आला म्हणून मला राग आला.

ती तराजूची भाषा सोडून दे. माझं आयुष्य सत्र न्यायालयात गेलं. तिथे सुरक्षा आणि स्वातंत्र्य तोलत बसलेलं मी कोणालाही पाहिलं नाही. तिथे दिवस मोजतात. पोलीस कोठडी किती दिवस, आरोपपत्राला किती दिवस, जामिनाशिवाय आत किती दिवस, फोन किती दिवस ऐकायचा. म्हणून कोणीही असामान्य अधिकार मागायला आलं की तू एकच विचार: किती दिवस? अधिकार चांगला की वाईट, गरजेचा की जुलमी, तो वाद मागाहून घालू. आधी मुदत सांगा.

तुला हे कारकुनी वाटेल. माझ्या वकील मित्रांनाही वाटायचं. ते घटनेवर भाषणं करायचे आणि मी कॅलेंडर घेऊन उभा राहायचो.

टाडा या दहशतवादविरोधी कायद्याचंच घे. पंजाब पेटला होता तेव्हा, १९८५ मध्ये, तो दोन वर्षांसाठी आला. १९८७ ला नव्याने केला, मग दर दोन वर्षांनी वाढवत नेला. मधल्या काळात तो गुजरातेतही हजारोंवर लागला, जिथे पंजाबसारखं काहीच चाललेलं नव्हतं. पण दर दोन वर्षांनी सरकारला संसदेसमोर उभं राहून सांगावं लागायचं की अजून का हवा. १९९५ च्या फेब्रुवारीत मानवी हक्क आयोगाचे अध्यक्ष न्या. रंगनाथ मिश्र यांनी सगळ्या खासदारांना पत्र लिहिलं, आता मुदत वाढवू नका. मे महिन्यात कायदा संपला. मला सांग, त्या कायद्याला मुदतच नसती तर मिश्रांनी ते पत्र कोणत्या निमित्ताने लिहिलं असतं? आणि कोणत्या खासदाराने ते उघडून पाहिलं असतं?

टाडा गेल्याने आभाळ कोसळलं का? १२ मार्च १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांचा खटला टाडा न्यायालयातच चालू राहिला. २५७ माणसं गेली होती. २००६-०७ मध्ये न्या. कोदे यांनी १०० जणांना दोषी ठरवलं. कायदा संपून दशक उलटलं होतं, तरी कोणी सुटून पळालं नाही.

टाडानंतर आलेल्या पोटा या दहशतवादविरोधी कायद्यालाही तीन वर्षांची मुदत होती. शिवाय एक वर्ष आत काढल्यावर नेहमीच्या नियमांनी जामीन मागायची वाट होती. २००४ मध्ये सरकार बदललं, पोटा रद्द झाला, आणि आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या चालू असतानाच त्यातली दहशतवादाची कलमं १९६७ च्या बेकायदेशीर कारवाया प्रतिबंधक कायद्यात, म्हणजे यूएपीएमध्ये, नेऊन बसवली गेली. कलमं नेली, मुदत नेली नाही. मग २६/११ ला महिनाही झाला नव्हता तेव्हा, डिसेंबर २००८ मध्ये, आरोपपत्रासाठी १८० दिवसांपर्यंत वाढ मिळायची सोय झाली आणि जामिनाचं कलम ४३-ड (५) आलं. आरोप प्रथमदर्शनी खरा वाटला तर जामीन नाही. किती दिवस नाही? ते लिहिलेलंच नाही. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नजीब प्रकरणात सांगितलं की खटला रखडतच राहिला तर घटनेच्या अनुच्छेद २१ खाली, म्हणजे जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काखाली, जामीन देता येतो. चांगलं सांगितलं. पण किती रखडला म्हणजे फार रखडला, हे प्रत्येक आरोपीने नव्याने भांडून ठरवायचं.

शाळेत ज्याला काळा कायदा म्हणून घोकलं, त्या १९१९ च्या रौलट कायद्यातसुद्धा मुदत होती. महायुद्ध संपल्यापासून तीन वर्षं. इंग्रजांना ती लिहावीशी वाटली. आपल्याला मात्र मुदत लिहिणं म्हणजे दुबळेपणा वाटतो.

जाता जाता एक गंमत. गंमत कसली म्हणा. आणीबाणीचा अनुभव ताजा असताना, १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीत, सल्लागार मंडळापुढे न जाता एखाद्याला खटल्याशिवाय स्थानबद्ध ठेवण्याचा काळ तीन महिन्यांवरून दोन महिन्यांवर आणला गेला. दुरुस्ती मंजूर झाली. तेवढं एक कलम अमलात कधी यायचं, त्याची अधिसूचना मात्र आजतागायत निघालेली नाही. बंधन घालणाऱ्या तरतुदीची तारीख येता येत नाही, आणि मोकळीक देणाऱ्या कायद्याची तारीख संपता संपत नाही.

आता कसाब. ‘त्याला इतके हक्क कशाला दिले?’ हे तू लिहावंस? तुकाराम ओंबळेंनी गोळ्या झेलून त्याला जिवंत धरला. फेब्रुवारी २००९ मध्ये, तीन महिन्यांच्या मुदतीत, ११ हजारांहून जास्त पानांचं आरोपपत्र दाखल झालं. मे २०१० ला आर्थर रोडच्या विशेष न्यायालयात न्या. ताहिलियानींचा निकाल, ऑगस्ट २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाचा, २१ नोव्हेंबरला येरवड्यात फाशी. चार वर्षांच्या आत सगळं. तो कॅमेऱ्यात सापडला होता म्हणून सोपं गेलं, म्हणशील. मान्य. पण त्याच खटल्यात नकाशे पुरवल्याचा आरोप असलेले दोघे भारतीय खालच्या कोर्टापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत निर्दोष ठरले, सगळं शहर संतापलेलं असताना. त्यामुळे मुंबई कमी सुरक्षित झाली, असं म्हणणारा एकही माणूस मला भेटलेला नाही.

दिवस मोजके होते म्हणून तिथे पोलीस धावले. चित्रण, साक्षीदार, ‘कुबेर’ बोटीवरच्या वस्तू, डीएनए, सगळं गोळा केलं. ११ जुलैच्या खटल्यात मोक्का, म्हणजे महाराष्ट्राचा संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा, लागला. मोक्कात पोलीस अधीक्षकाच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब पुरावा धरला जातो. असा जबाब हाती आला की उन्हातान्हात हिंडून पुरावा कोण शोधणार? उच्च न्यायालयाने नेमके ते जबाबच बाजूला काढले. छळ झाल्याचं मान्य केलं, निरनिराळ्या जबाबांत तोच मजकूर सापडला. ओळख परेड ज्याने घेतली त्याला ती घेण्याचा अधिकारच नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने २४ जुलैला हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली आहे, तेव्हा शेवटचा शब्द अजून यायचा आहे. पण तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. ते बॉम्ब ठेवणारे हे नसतील तर खरे १९ वर्षं मोकळे फिरले. हेच असतील तर ते शाबीत करता येईल असा पुरावा कोणी उभा केला नाही. मेलेल्यांच्या घरच्यांना दोन्हीकडून काही मिळालं नाही. आणि तू मला विचारतेस, स्वातंत्र्य जरा कमी केलं तर सुरक्षा वाढेल का! त्या तपासात स्वातंत्र्य कमी केलेलंच होतं की.

दहाच दिवसांनी, ३१ जुलैला, मालेगावच्या २००८ च्या स्फोटातले सातही आरोपी सुटले. तुझ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काय झालं असेल ते मला ठाऊक आहे, कारण माझ्याही झालं. २१ तारखेला ज्यांना कोर्ट विकलं गेलेलं वाटत होतं, ते ३१ ला पेढे वाटत होते. २१ ला पेढे वाटणारे ३१ ला तावातावाने लिहीत होते. एवढी वर्षं कशी लागली, हे दोन्हीकडच्या कोणीही विचारलं नाही. मालेगावात सहा माणसं गेली होती. त्यांची आठवण काढणारा एकही मेसेज माझ्या फोनवर आला नाही.

मला माहीत आहे, माझ्याबद्दल काय बोलतात. अतिरेक्यांचा वकील. आमच्या सोसायटीत एका गृहस्थांनी माझ्याशी बोलणं टाकलं ते टाकलंच. मी कधीही कोर्टात उभं राहून म्हणालो नाही की माझा अशील संत आहे. मी दिवस विचारत राहिलो. एकदा एक न्यायाधीश वैतागून म्हणाले होते, ‘तुम्हाला दुसरं काही सुचत नाही का?’ नव्हतं सुचत. अजूनही सुचत नाही.

एक पोरगा होता. वायरमनचं काम करायचा. बऱ्याच वर्षांनी निर्दोष सुटला. सुटल्यावर त्याने माझ्याकडे नुकसानभरपाई मागितली नाही, कोणाविरुद्ध तक्रारही करायची नव्हती त्याला. त्याचं आयटीआयचं मूळ प्रमाणपत्र झडतीत जप्त झालं होतं, तेवढं परत हवं होतं. मुद्देमालाच्या पावतीवर नोंद होती, मुद्देमालात कागद नव्हता. अर्ज केले, पुन्हा केले. माणूस सुटला, कागद सुटला नाही. त्या जप्तीला कोणी मुदत घातली नव्हती ना! तो पोरगा आता दुसऱ्याच्या हाताखाली, दुसऱ्याच्या परवान्यावर काम करतो. याची खंत मला अजून आहे. वाद घालायला मी कमी पडलो नव्हतो, हेही तितकंच खरं.

तू म्हणशील, काका, तपास अवघड झालाय, परदेशातून माहिती यायला महिने लागतात, फोन उघडत नाहीत. खरं आहे. म्हणून तर मुदत वाढवून मागायची सोय आहे. वाढवून मागा. कारण द्या. फोन ऐकण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये हेच केलं. ऐकूच नका, असं नाही म्हटलं. एका आदेशाला दोन महिने, वाढवून जास्तीत जास्त सहा, आणि वर आढावा समिती. २६/११ नंतर शहरभर लावलेल्या कॅमेऱ्यांनाही हाच प्रश्न विचार, चित्रण किती दिवस ठेवता?

तुझं खरं दुखणं पत्राच्या तळाशी लपवलं आहेस, ते मी पाहिलं. सहायक सरकारी अभियोक्त्याची परीक्षा द्यायची होती, पण आता मन उडालं, बचावाकडे येऊ का, माझ्या जुन्या चेंबरमध्ये जागा आहे का. जागा आहे. येऊ नकोस.

परीक्षा दे. बचावाचा वकील दिवस विचारतो, पण उत्तर द्यायचं असतं सरकारी वकिलाला. यूएपीएमध्ये ९० दिवसांचे १८० करायचे तर कोर्ट पोलिसांचा नुसता अर्ज पाहत नाही. तपास कुठवर आला आणि या माणसाला आणखी आत का ठेवायचं, याची नेमकी कारणं देणारा सरकारी वकिलाचा अहवाल लागतो. टाडाच्या काळातही असाच लागायचा, आणि १९९४ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं होतं की सरकारी वकील म्हणजे टपालखातं नव्हे, पोलिसांचा कागद पुढे सरकवायला. मला एकदा त्या बाजूला यायचं बोलावणं होतं. गेलो नाही. तेव्हाची कारणं मला आजही पटतात. पण तो अहवाल लिहायला कोणीतरी चांगलं माणूस हवं होतं, हेही पटतं.

लगेच तसला खटला तुझ्या हाती येणार नाही. सुरुवात मॅजिस्ट्रेट कोर्टातल्या रिमांडने होईल, मोबाइलचोर आणि हाणामाऱ्या. तिथेच सवय लाव. पुढे कधी ९० व्या दिवसाचा तो अहवाल लिहायची वेळ आली तर ‘प्रयोगशाळेचा अहवाल प्रलंबित’ एवढ्यावर सही करू नकोस. नमुना कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत कोणत्या तारखेला पोचला, स्मरणपत्र कधी गेलं, परदेशात विनंतीपत्र पाठवलं असेल तर केव्हा, आणि हा माणूस बाहेर आला तर यातलं नेमकं काय अडेल, ते लिही. तपास अधिकारी चिडेल. ‘मॅडम, देशाचा प्रश्न आहे,’ म्हणेल. चिडू दे. त्याच्याकडून तारखा घेतल्याशिवाय फाइल हातची सोडू नकोस.

जाहिरात निघाली की कळव. माझ्या पुराव्याच्या कायद्याच्या वह्या घेऊन जा, अक्षर लागलं तर वाच. जुलै २०२४ पासूनच्या नव्या फौजदारी कायद्यांचे कलम क्रमांक मात्र तुझे तुलाच पाठ करावे लागतील. माझ्या तोंडी अजून जुनेच आहेत आणि ते आता बदलणार नाहीत.

अनेक आशीर्वाद.

काका