स्वार पडला तरी घोडा जिंकतो

प्रश्न : इटलीतल्या सिएना शहरातल्या शर्यतीचा व्हिडिओ पाहिला. स्वार मध्येच पडला, रिकामा घोडा पहिला आला आणि माणसं त्या घोड्याच्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडत होती. घोडा बाद कसा झाला नाही? आणि दीड मिनिटाच्या शर्यतीपायी एवढं रडायचं कशाला?
(एक वाचक, सांगली)

उत्तर : तुम्ही पाहिलात तो बहुधा रेमोरेक्स असावा. २० ऑक्टोबर २०१८च्या खास जादा शर्यतीत तो कासव पेठेसाठी धावला आणि १६ ऑगस्ट २०१९ला सेल्वा, म्हणजे रान पेठेसाठी. दोन्ही वेळा पाठीवर स्वार नसताना जिंकला. पालियो या शर्यतीचा नियमच तसा आहे : जिंकतो तो घोडा. स्वार असला काय नि नसला काय.

असं का, ते कळायला आधी पेठा समजून घ्याव्या लागतात. सिएनात अशा १७ पेठा आहेत, त्यांना तिथे कोन्त्रादा म्हणतात. गरुड, सुरवंट, गोगलगाय, घुबड, लांडगीण अशी त्यांची नावं. १७२९ साली शहराचा कारभार पाहणाऱ्या व्हियोलांते बेआत्रीचे या बव्हेरियन राजकन्येने त्यांच्या हद्दी आखून दिल्या, त्या आजही पाळल्या जातात. प्रत्येक पेठेचं स्वतःचं चर्च, स्वतःचं संग्रहालय, स्वतःचं कारंजं. मुलाचा एक बाप्तिस्मा धर्माचा आणि दुसरा या कारंज्यावर, पेठेचा.

नेहमीची शर्यत २ जुलैला आणि १६ ऑगस्टला, दोन्ही मेरीमातेच्या नावाने. एका वेळी दहाच पेठा धावतात. घोडा पेठेचा नसतो, तीन दिवस आधी चिठ्ठीने वाट्याला येतो. आला तो आला, बदलून मिळत नाही. तो जायबंदी झाला तर पेठ त्या खेपेला शर्यतीबाहेर. जॉकी मात्र पैसे देऊन आणलेला असतो, बरेचसे सार्डिनिया बेटावरचे, आणि शर्यतीच्या दिवशी सकाळपर्यंत पेठ त्याला बदलू शकते. म्हणूनच जॉकीवर पेठेचा कधी पुरता विश्वास नसतो. घोड्यावर मात्र सगळा जीव. मोतद्दार रात्री त्याच्याजवळ तबेल्यातच झोपतो.

शर्यतीच्या दुपारी घोड्याला पेठेच्या चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद देतात. मी दाराशी उभी राहून ते पाहिलं आहे. आत-बाहेर माणसांची ही गर्दी, पण कुणी चकार शब्द काढत नव्हतं, घोडा बिथरेल म्हणून. फरशीवर नालांचा आवाज तेवढा येत होता. पाद्री घोड्याला म्हणाले, ‘जा, आणि जिंकून ये.’ घोडा बाहेर पडून चार पावलं पुढे जाईतो सगळे गप्प, आणि मग जो गलका उठला! आतच घोड्याने लीद टाकली तर तो शुभशकुन मानतात.

मग संध्याकाळी चौकात, पिवळसर मातीच्या वाटेवर, खोगिराविना तीन फेऱ्या. सुरुवातीला नऊ घोडे दोन जाड दोरखंडांच्या मध्ये उभे राहतात आणि दहावा मागे मोकळा असतो. तो दौडत आत घुसला की पुढचा दोर खाली पडतो. कधी घुसायचं ते दहाव्याने ठरवायचं, त्यामुळे हे कधीकधी तासभर चालतं. तेवढ्या वेळात जॉकी एकमेकांच्या कानाला लागून सौदे करतात. कुणाला वाट द्यायची, कुणाला अडवायचं, किती पैशांत. हे चोरून नव्हे, सगळ्या गावाला ठाऊक असतं. आपला घोडा सुमार निघाला तर वैरी पेठ जिंकू नये एवढंच बघायचं. हंस आणि बुरूज या पेठांचं वैर तर सगळ्यांत प्रसिद्ध. हातातला नेर्बो नावाचा चाबूक शेजारच्या स्वारावरही चालतो.

राहिला रडण्याचा प्रश्न. सर्वांत जास्त वर्षं जिंकली नसेल त्या पेठेला सिएनात ‘आजी’ म्हणतात, आणि ती आजीची टोपी डोक्यावरून उतरता उतरत नाही. लांडगीण पेठ १९८९नंतर थेट जुलै २०१६ला जिंकली. २७ वर्षं! त्याच ऑगस्टला पुन्हा जिंकली. तेवढ्या काळात जन्मलेल्या पोरांनी आपली पेठ जिंकताना कधी पाहिलीच नव्हती. त्यांनी रडू नये तर काय करावं?

प्रश्न : २०१४ला सर्वोच्च न्यायालयाने आपल्या बैलगाडा शर्यती थांबवल्या, २०२३ला आपल्या कायद्याला मान्यता मिळून त्या सुरळीत झाल्या. आपल्याला प्राणिप्रेमाचे धडे देणाऱ्या युरोपात घोडे मरेपर्यंत पळवतात, त्याचं काय?
(एक बैलगाडा मालक, जुन्नर तालुका)

उत्तर : तुमचा सवाल रास्त आहे. घोडे मरतात, हे लपवण्यात अर्थ नाही. रेमोरेक्स पहिल्यांदा जिंकला त्याच २०१८च्या शर्यतीत जिराफ पेठेचा राओल जखमी झाला, त्याला वाचवता आलं नाही. चौकाला उतार आहे आणि सान मार्तीनोचं वळण भलतंच अवघड आहे.

पण तिथेही या शर्यतीवर सडकून टीका होते, तेव्हा सगळा युरोप एका बाजूला आहे असं समजू नका. टीकेमुळे फरकही पडला. त्या वळणावर गाद्या लावतात, नाजूक हाडांचे शुद्ध थरोब्रेड घोडे बंद करून मिश्र जातीचेच घेतात, आधी पशुवैद्यांकडून तपासणी होते, आणि निवृत्त घोड्यांसाठी सांभाळाची सोय आहे. माझं मत विचाराल तर एवढ्याने भागलेलं नाही. तीन दिवस ज्याच्याजवळ झोपायचं, त्याला त्या वळणावर सोडताना पेठेनेच जास्त कठोर नियम मागायला हवेत. तुमच्या घाटातही बैल राखणाऱ्याचाच शब्द आधी चालावा असं मला वाटतं.

प्रश्न : भाले घेऊन घोड्यावरून पुतळ्याला मारतात तो खेळ कुठे बघायला मिळेल? सुट्टी अजून ठरवलेली नाही.
(एक वाचक, ठाणे)

उत्तर : इटलीतल्याच अरेझ्झो शहराला जा. इटालियन कवी दान्तेने ‘इन्फेर्नो’च्या बाविसाव्या सर्गात अरेझ्झोचं नाव घेतलं आहे ते अशाच भालाबाजीच्या झुंजींच्या ओघात. आजचा हा खेळ, सारासीनो, १९३१पासून पुन्हा सुरू झाला. चार पेठांचे प्रत्येकी दोन स्वार चौकाच्या चढावरून दौडत येऊन बुरात्तो नावाच्या लाकडी पुतळ्याच्या ढालीवर भाला मारतात. ढालीवर एक ते पाच गुणांचे चौकोन असतात आणि भाला मोडला तर गुण दुप्पट. मार बसला की पुतळा गर्रकन फिरतो. त्याच्या दुसऱ्या हातात गोळे लावलेला चाबूक असतो, तो चुकवता आला पाहिजे. या पुतळ्याला ‘इंडीजचा राजा’ म्हणतात. जुन्या युरोपच्या मनातला पूर्वेकडचा शत्रू असा लाकडात उभा केलेला आहे, आपण भारतीय म्हणून तो बघताना थोडं थबकायला होतंच.

अरेझ्झोचा खेळ जूनच्या शेवटून दुसऱ्या शनिवारी रात्री आणि सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी. सिएनाला गेलात तर चौकाच्या मधोमध उभं राहणं फुकट आहे, पण तासन्‌तास ऊन आणि मध्ये बाहेर पडता येत नाही. लहान मुलं किंवा म्हातारी माणसं बरोबर असतील तर शर्यतीऐवजी आदल्या दिवसांतल्या सराव-फेऱ्या बघा. घोडे तेच, पेठांची गाणी तीच, आणि धक्काबुक्की कितीतरी कमी.